नाचणीचं सत्त्व आणि लॅम्डा फाज

एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात प्रोजेक्टसाठी मला लॅम्डा फाज मिळाला. ई. कोलाय या जिवाणूवर वाढणारा हा विषाणू. एस्थर लेडरबर्ग यांनी १९५१ मध्ये तो पहिल्यांदा जगापुढे मांडला. जिवाणूंत फाज मिसळायचा, वीस मिनिटं चिकटू द्यायचा, मऊ अगारमधून, म्हणजे जेलीसारख्या पदार्थातून, प्लेटवर ओतायचा. दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या थरात गोल ठिपके दिसतात, ते प्लाक. एक प्लाक म्हणजे मुळात एक फाज.

तीन आठवडे मी खानापूरहून सकाळची पहिली बस धरून बेळगावला येत होते. इन्क्युबेटर उघडावा तर प्लेटवर जेमतेम दहा-बारा प्लाक. हिशेबाने दोनशेच्या आसपास यायला हवे होते. फाज मेला, असंच मी धरून चालले होते.

मॅडमनी एकच विचारलं, "जिवाणू कशात वाढवतेस ग?"

"ग्लुकोज घालते, मॅडम. लवकर वाढतात."

त्या स्टूल ओढून शेजारी बसल्या आणि वहीत चित्र काढलं. जिवाणूच्या बाहेरच्या आवरणात लॅम-बी नावाचं प्रथिन असतं. त्याचं खरं काम माल्टोज साखर आत घेणं. लॅम्डा आपल्या शेपटीच्या टोकाने नेमकं त्यालाच धरतो. पण ग्लुकोज मिळालं की जिवाणू हे प्रथिन फारसं बनवतच नाही. फाज धडधाकट होता, त्याला धरायलाच काही नव्हतं.

माल्टोज म्हटल्यावर मला आई आठवली. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून ती सत्त्व करते. मोड येताना पिठूळपणाची जी गोडी होते तिच्यात माल्टोजच असतं. लहानपणापासून वाटीभर रोज प्यालेली गोष्ट, आणि मला सुचली नव्हती!

ग्लुकोज बंद केलं. ०.२ टक्के माल्टोज आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट घातलं. फाज नीट टिकायला आणि चिकटायला मॅग्नेशियम लागतं. या वेळी मिश्रण आधी बर्फावर ठेवलं. थंडीत फाज चिकटतो, पण आपला डीएनए आत सोडत नाही. मग ३७ अंशांवर नेलं की सगळे जवळपास एकाच वेळी सोडतात. हा टप्पा मला फार आवडला. चिकटणं आणि आत शिरणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे पुस्तकात वाचलेलं पहिल्यांदा हाताला कळलं.

दुसऱ्या दिवशी प्लेट खिडकीपाशी धरून मोजली. १८६. पुन्हा मोजली, तितकेच. मग सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून जिवाणू तळाशी बसवले आणि वरच्या पाण्यात किती फाज मोकळे उरले तेही पाहिलं. माल्टोजच्या नळीत अगदी थोडे, तुलनेसाठी ठेवलेल्या ग्लुकोजच्या नळीत बहुतेक सगळे तसेच.