ईस्ट व्हिलेज : तीन टीव्ही संचांच्या थिएटरच्या शोधात

न्यूयॉर्कच्या ॲस्टर प्लेस सबवे स्टेशनात सहा नंबरच्या गाडीतून उतरलो की पाच-सात मिनिटांत ईस्ट फोर्थ स्ट्रीट येतो. बावरी ते सेकंड ॲव्हेन्यू एवढ्याशा पट्ट्यात ला मामा, न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉप अशी नाट्यगृहं खेटून उभी आहेत. आधी हा रस्ता पायी फिरावा. छोट्या जागेतलं थिएटर म्हणजे काय, ते इथे कळतं.

याच ईस्ट व्हिलेजमध्ये १९६७ साली केन शॅपिरो आणि मंडळींनी 'चॅनल वन' नावाचं थिएटर काढलं. पुढे विनोदी नट म्हणून गाजलेला चेव्ही चेसही त्यात होता. प्रेक्षकांसमोर नट नव्हते, तीन टीव्ही संच होते. बातम्या, जाहिराती, मुलांचे कार्यक्रम, सगळ्यांची टेपवर घेतलेली विडंबनं त्यावर लागायची. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, त्याच्याही पाच वर्षं आधीची ही गोष्ट!

त्यातून पुढे १९७४ मध्ये 'द ग्रूव्ह ट्यूब' हा चित्रपट आला. त्यातला टीव्हीवरचा कोको विदूषक मोठ्या माणसांना खोलीबाहेर पाठवतो आणि मुलांना चक्क चावट पुस्तक वाचून दाखवतो. हा प्रसंग मोठ्या पडद्यावर निम्माच भिडतो. घरातल्या त्याच डब्यातून तो आला, की खरा झोंबतो. म्हणून आमचा आग्रह : जुन्या काचेच्या टीव्हीवरच बघा.

जुने संच आणि कॅमेरे पाहायचे तर सबवेच्या आर गाडीने स्टाइनवे स्ट्रीटला उतरून ॲस्टोरियातलं म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेज गाठावं. त्या काळच्या अर्ध्या इंची व्हिडिओ टेपवर चित्राच्या रेघा तिरप्या उमटत. टेप कात्रीने कापून जोडली की त्या रेघा मधेच तुटत आणि जोडावर चित्र गरगर वर सरकायचं. त्यामुळे विडंबनाचा अख्खा प्रवेश सलग टेप करणंच सोयीचं. कॅमेऱ्यात झगझगीत दिवा आला तर त्याची शेपटी चित्रात रेंगाळायची.

घरी तीन संच मांडायचे तर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून दिसतील इतके उंच ठेवा, किंचित खाली झुकवून. एका प्लेअरची व्हिडिओ केबल पहिल्या मॉनिटरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात न्या. ७५ ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे सिग्नल परत फिरू नये म्हणून टोकाला लावायचा रोध, फक्त शेवटच्याला. विसरलात तर चित्र भगभगीत होऊन कडांना भुतं, म्हणजे पुसट दुहेरी सावल्या, दिसतात. दोन ठिकाणी लावलंत तर तिन्ही संच अंधारे पडतात.