आठ वाजताचा ठणका

सकाळी सात अठ्ठावन्नला आमच्या घरात जी शांतता असते ना, ती मी फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी अनुभवली होती. नवरा एक फोन घेऊन वर बेडरूममध्ये, मी दुसरा घेऊन किचनमध्ये, आणि दोघांचे डोळे घड्याळावर. इंग्लंडात जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट पाहिजे तर आठच्या ठोक्याला फोन लावायचा हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहितीये. सात एकोणसाठला लावला की सर्जरी बंद असल्याची टेप, आणि आठ वाजून चार सेकंदांनी लावला की 'तुमचा नंबर सतरावा'. मधल्या एवढ्याशा वेळात ही सोळा माणसं घुसतात कुठून देव जाणे.

सर्जरी म्हणजे दवाखाना बरं का. पहिल्यांदा आईला फोनवर 'सर्जरीत चाललेय' म्हटलं तेव्हा ती मटकन खालीच बसली होती, कसलं ऑपरेशन गं म्हणून. आता ती सरावलीये. परवा माझं रडगाणं ऐकून म्हणाली, पैसे घेत नाहीत ना तपासायचे, मग रांग असणारच. ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली तेव्हापासून इथे जीपीला दाखवायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे यावर काय बोलणार.

तर झालं असं की माझा कान ठणकत होता, चार दिवस. दोन फोनची आयडिया नवऱ्याची, ज्याचा आधी लागेल त्याने बोलायचं. त्याचा अकरावा नंबर, माझा चौदावा, आणि खरं सांगते, कान माझा असूनही तो पुढे आहे याचा मला थोडा रागच आला. त्याचा लागला. तिकडून म्हणाल्या पेशंटला द्या. हा पठ्ठ्या जिन्यावरून धावत खाली आला, फोन माझ्या हातात द्यायला गेला आणि त्या गडबडीत अंगठ्याने लाल बटण दाबलं. मधल्या काळात मी माझा सहाव्या नंबरवर आलेला कॉल, आता काय गरज, म्हणून स्वतःच्या हाताने कट केला होता. पुढची दहा मिनिटं घरात काय बोलणं झालं ते लिहीत नाही.

तिसऱ्या प्रयत्नाला रिसेप्शनवाल्या बाई मिळाल्या. 'काय होतंय' असं त्या विचारतात याचा पूर्वी मला फार राग यायचा, तुम्ही डॉक्टर आहात का म्हणून. पण कोणाला डॉक्टरकडे, कोणाला नर्सकडे, कोणाला फिजिओकडे पाठवायचं हे ठरवायचं कामच त्यांना दिलेलं असतं, त्यांचा काय दोष. गोची आपल्याकडून होते. त्यांनी सुरुवातीला सवयीने 'हाउ आर यू' म्हटलं आणि मीही सवयीने 'फाइन, थँक यू' म्हणून माझ्या केसमधली निम्मी हवा तिथेच काढून टाकली. मग एक ते दहामध्ये दुखणं किती? आता दहा म्हणजे बाळंतपण, नऊ म्हणजे किडनी स्टोन, मग कानाला आपण किती सांगणार, चार म्हटलं. शिवाय ठणका हा शब्द इंग्रजीत नेऊन ठेवला की त्यातला तो ठण्ण आवाजच जातो, उरतं नुसतं पेन.

चार मार्कांत फार्मसी मिळाली.

तसं हे चांगलंय, ३१ जानेवारी २०२४ पासून सात किरकोळ दुखण्यांना फार्मसिस्टच औषध देऊ शकतो, जीपीकडे जायलाच नको. कान त्या सातात आहे. फक्त तो १ ते १७ वयाच्या माणसाचा असावा लागतो हे मला काउंटरवर कळलं. फार्मसिस्टने इतक्या अदबीने वय विचारलं की मला क्षणभर सोळा सांगावंसं वाटलं.

शेवटी सर्जरीचा ऑनलाइन फॉर्म भरला. ऑक्टोबर २०२५ पासून तो आठ ते साडेसहा चालू ठेवायचा नियमच झालाय, त्यामुळे निदान आठचा तो मुहूर्त तरी गाठावा लागत नाही. पण फॉर्मातही प्रश्न आहेतच, कशाची काळजी वाटतेय, आम्ही काय करावं असं वाटतं वगैरे. आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, त्यांचा फॉर्म त्यांची मुलगी भरत होती तेव्हा मी तिथे बसले होते. पाच दिवस ताप, रात्रभर खोकला, आणि काकू मागून सांगतायत, अगं नुसतं जरा कसकस आहे असं लिही, एवढं सगळं वाचून त्यांना उगाच टेन्शन येईल. मुलीने ऐकलं नाही म्हणून त्याच दिवशी बोलावणं आलं. पण ज्या काकूंना मुलगी जवळ नाही त्या कसकशीवरच बसून राहत असतील.

मला मेसेज आला, गुरुवार, दहा चाळीस, दहा मिनिटं. बुधवारी रात्री ठणका निम्म्यावर आला, तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी पोटात गोळाच आला. एवढ्या तपश्चर्येने मिळवलेली अपॉइंटमेंट आणि दाखवायला कान धडधाकट, शोभतं का ते? बसमध्ये बसून पाठांतर केलं, सहा दिवस, थ्रॉबिंग, सात आउट ऑफ टेन, चार अजिबात म्हणायचं नाही.

आत गेले. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, हाउ आर यू?

'फाइन, थँक यू.'

त्यांनी एकदा स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.