आई स्वतः जन्मली तेव्हा किती किलोची होती?

पहिल्या तपासणीला गरोदर बाईची उंची, वजन, हिमोग्लोबिन, रक्तगट सगळं कार्डावर चढतं. तिचं स्वतःचं जन्मवजन मात्र सहसा कोणी विचारत नाही. विचारायलाच हवं. जी आई अडीच किलोच्या आत जन्मली, तिचं बाळही कमी वजनाचं होण्याची शक्यता जास्त असते. शिवाय गरोदरपणात तिची साखर आणि रक्तदाब वाढण्याचा धोकाही. आईचं जन्मवजन १०० ग्रॅमने जास्त असेल तर बाळाचं सरासरी १० ते २० ग्रॅमने जास्त भरतं.

यात आनुवंशिकता आहेच, पण तेवढीच नाही. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची स्त्रीबीजं तयार होतात. म्हणजे आजच्या बाळाचं बीज आजीच्या पोटात घडलेलं असतं.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला. आयांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास, बाळं पावणेतीन किलोच्या आतबाहेर. इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली तेव्हा स्नायू, पोटाचा घेर सगळं कमी. पण खांद्याच्या पात्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी जवळजवळ तेवढीच! बारीक दिसणाऱ्या बाळात चरबीचा वाटा जास्त. पुढे मधुमेह होतो त्याची एक वाट इथून जाते.

जुनं डिस्चार्ज कार्ड नसेल तर आजीला विचारा: दिवस पूर्ण भरले होते का? काचेच्या पेटीत ठेवलं होतं का? आठव्या महिन्यातलं दोन किलो आणि दिवस भरल्यावरचं दोन किलो, यांचा अर्थ वेगळा.

आई कमी वजनाची जन्मलेली असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पहिल्या भेटीतच करा. दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरायचा. कमी आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची. रक्तदाब दर भेटीला. चोविसाव्या आठवड्यानंतर टेपने पोटाची उंची (ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत) मोजली की सेंटिमीटर साधारण आठवड्यांइतके येतात. तीनने मागे पडलं तर सोनोग्राफी. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. आणि कमी खाल्लं की बाळंतपण सोपं जातं, हे कृपा करून कोणी सुनेला सांगू नका.

बाळाचं वजन पहिल्या तासाभरात, कपडे काढून, काटा शून्यावर आणून घ्या. २४६० ग्रॅम भरलं तर २४६०च लिहा, "अडीच" नको. शेजारी किती आठवडे भरले तेही लिहा. मुलगी असेल तर ते कार्ड तिच्या जन्मदाखल्याबरोबर जपून ठेवा. तिच्या पहिल्या तपासणीला लागेल.