तुम्ही विचारलेत म्हणून : गडावरचे पाणी कशाने शुद्ध करावे?

कर्जत किंवा कसारा लोकलमध्ये सॅक मांडीवर घेऊन बसलो की शेजारचा कोणी ना कोणी विचारतोच, आणि अलीकडे आमच्या इमारतीतली मुलेही पहिल्या ट्रेकच्या आदल्या दिवशी हाच प्रश्न घेऊन दारात उभी राहतात : "वर पाणी प्यायचे तर कोणता फिल्टर घ्यावा?" विचारणाऱ्याला एका वस्तूचे नाव हवे असते. मी मात्र आधी उलट विचारतो, की तुम्ही कुठे चालला आहात, कोणत्या महिन्यात, आणि तिथले पाणी कुठून काढणार आहात? प्रश्न टाळण्यासाठी मी हे विचारत नाही. फिल्टर पाण्यावरून ठरतो आणि दुकानातल्या खोक्यावर ज्या पाण्याचे चित्र असते, ते आपल्या सह्याद्रीतले पाणी नव्हे.

खोक्यावर बहुधा बर्फाच्या डोंगरातून येणारा निर्मनुष्य झरा असतो. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने आणि त्यानंतरचे थोडे दिवस सोडले, तर झरे आटतात आणि उरतात ती कातळात खोदलेली टाकी. हरिश्चंद्रगड, नाणेघाट, कुलंग अशा ठिकाणी ही टाकी नसती तर तिथे मुक्काम करणे शक्यच झाले नसते. त्यातली खांबटाकी, म्हणजे कातळात खांब राखून आत खोदलेली टाकी, सावलीत असल्याने त्यांचे पाणी एप्रिलातही गार असते, आणि ज्या टाक्यावर कोणी उतरत नाही त्याचे पाणी मला आजही अतिशय चवदार वाटते. परंतु शनिवार-रविवारी ज्या गडावर शेकडो माणसे चढतात, तिथे शौचालय नसते, टाक्याच्या काठावर भांडी घासली जातात, वरच्या उतारावर गुरे चरतात, आणि पहिल्याच पावसात ते सगळे टाक्यात उतरते. टाक्यातून ओढ्यासारखे पाणी वाहत नाही. जे आत गेले ते आतच राहते. जिथे माणसांची विष्ठा पाण्यात जाण्याची शक्यता आहे तिथे केवळ जिवाणूंचा विचार करून भागत नाही, विषाणूंचाही करावा लागतो.

सध्या सर्वाधिक खपणारे छोटे फिल्टर पोकळ तंतूंचे, म्हणजे हॉलो फायबरचे असतात. प्लॅस्टिकच्या नळीत शेवयांच्या जुडीसारखे बारीक पोकळ तंतू दुमडून बसवलेले असतात, आणि त्यांच्या भिंतींना 0.1 किंवा 0.2 मायक्रॉनची छिद्रे असतात (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). अतिसार घडवणारा जिआर्डिया हा परजीवी या छिद्रांपुढे फार मोठा, साधारण 8 ते 12 मायक्रॉनचा. क्रिप्टोस्पोरिडियम हा तसाच दुसरा परजीवी 4 ते 6 मायक्रॉनचा. हगवणीचे आणि टायफॉइडचे जिवाणू जाडीला अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून थोडे अधिक. हे सगळे अडकतात. काविळीचा हिपॅटायटिस ए हा विषाणू मात्र सुमारे 0.03 मायक्रॉनचा असल्याने तो त्या छिद्रातून सहज निघून जातो. खोक्यावर हे खोटे लिहिलेले नसते. तिथे जिवाणू आणि परजीवी यांचीच हमी असते, विषाणूंचा उल्लेख नसतो, आणि तो उल्लेख नाही हे आपण वाचत नाही.

आमच्या गटातल्या एकाला गर्दीच्या एका गडावरून परतल्यावर महिन्याभराने कावीळ झाली. डॉक्टरांनी गेल्या दीड महिन्याचा हिशेब विचारला, कारण या विषाणूला शरीरात डोके वर काढायला दोन ते सात आठवडे लागतात. तोवर तो ट्रेक आम्ही विसरूनही गेलो होतो. "पण आपण सगळ्यांनी फिल्टरनेच पाणी प्यायलो होतो ना?" असे तो अंथरुणावरून मला विचारत होता, आणि त्याला फिल्टर घ्यायला मीच सांगितले होते. बाकीच्यांना काही झाले नाही. पूर्वी आपल्याकडे बहुतेकांना हा आजार लहानपणीच नकळत होऊन जाई आणि मग आयुष्यभर पुन्हा होत नसे. घरात जलशुद्धीकरण यंत्र असलेल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या आजच्या मुलांना ते संरक्षण नसते. नियमित डोंगरात जाणाऱ्यांनी हिपॅटायटिस एची लस घ्यावी असे मी तेव्हापासून आग्रहाने सांगतो. काविळीच्या दुसऱ्या, ई प्रकाराचा विषाणूही पाण्यातूनच येतो आणि गरोदर स्त्रियांना तो फार घातक ठरतो.

यानंतर प्रश्न येतो तो तोंडाने ओढून पिण्याच्या नळीचा, कारण ती स्वस्त आणि हलकी असते. अशा नळ्यांपैकी लाइफस्ट्रॉ 2005 मध्ये आली आणि तिचे मूळ नारूच्या निर्मूलनासाठी बनवलेल्या साध्या गाळणीत होते. नारू हा पायाच्या जखमेतून बाहेर पडणारा जंत आपल्या आजीआजोबांना चांगला ठाऊक होता. पायविहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या माणसाच्या पायाच्या जखमेतून त्याच्या अळ्या पाण्यात जात, तिथल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्याच्या पोटात वाढत आणि तो किडा पाण्याबरोबर पोटात गेला की पुन्हा माणसात येत. घट्ट विणीच्या फडक्याने पाणी गाळले तरी तो किडा अडकतो. पायविहिरी बंद करणे आणि पाणी गाळणे या साध्या उपायांच्या जोरावर भारत 2000 साली नारूमुक्त जाहीर झाला. बांगलादेशातही जुन्या साडीच्या घडीतून पाणी गाळायला शिकवलेल्या गावांत पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले, कारण पटकीचे जंतू अशाच किड्यांना चिकटून राहतात. त्यामुळे फडक्याला कोणी हसू नये. फिल्टर कितीही भारी असला तरी पाणी आधी सुती पंचातून गाळून घ्यावे, असे मी सांगतो.

नळीविषयी माझा आक्षेप वेगळाच आहे. मार्चनंतर टाक्यातली पातळी काठापासून हातभर, कधी पुरुषभर खाली गेलेली असते, आणि पाणी दोर लावून पोहऱ्याने किंवा तोंड कापलेल्या बाटलीने शेंदावे लागते. अशा टाक्यावर ओणवे होऊन नळी तोंडात धरणे अशक्य असते आणि जिवावरही बेतू शकते. शिवाय नळीने पातेले भरता येत नाही, आणि पुढच्या तीन तासांच्या चढासाठी बाटलीही भरून घेता येत नाही.

म्हणून मी दाबून गाळायचा फिल्टर घ्यायला सांगतो. त्याचे वजन शंभर ग्रॅमच्या आत असते. गढूळ पाण्याच्या पिशवीला तो फिरवून बसवायचा, पिशवी दाबायची आणि खालून स्वच्छ बाटली भरायची. यातले काही थंड पेयांच्या बाटलीच्या आट्यावरही बसतात. पिशवी फाटली तर ही सोय अडीनडीला फार उपयोगी पडते. येथे एका बारकाव्याकडे लक्ष द्यावे. पिशवी टाक्यात बुडवून काढली की तिच्या आट्यांत कच्चे पाणी साचून राहते. फिल्टर फिरवताना त्यातला एखादा थेंब ओघळून खालच्या तोंडाशी येतो आणि थेट स्वच्छ बाटलीत पडतो. एवढ्या एका थेंबाने सगळी खटपट वाया जाते. पिशवी भरल्यावर तिचे तोंड आणि आटे फडक्याने पुसावेत, कच्च्या पाण्याच्या बाटलीला लाल चिकटपट्टी लावावी, आणि तिचे झाकण चुकूनही दुसऱ्या बाटलीला लावू नये.

आता विषाणूंचे काय, तर गाळलेल्या पाण्यात क्लोरिनची गोळी टाकावी. ती कोणत्याही केमिस्टकडे मिळते. गोळी किती लिटरसाठी आहे ते पाकिटावर पाहावे, कारण वीस लिटरच्या हंड्याची गोळी एक लिटरच्या बाटलीत टाकली तर ते पाणी पिण्याजोगे राहत नाही. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबावे. गाळण्याआधी गोळी टाकू नये. पाण्यातला गाळ आणि शेवाळ क्लोरिन खाऊन टाकतात आणि जंतूंसाठी फारसे काही उरत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरिनला दाद देत नाही, पण तो फिल्टरमध्ये अडकतो. विषाणू फिल्टरमधून सुटतात, पण क्लोरिनने मरतात. मुंबईकरांना दर पावसाळ्यात धास्ती घालणाऱ्या लेप्टोचेही, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचेही, असेच आहे. त्याचा जंतू लांब पण जेमतेम 0.1 मायक्रॉन जाड आणि वळवळणारा असतो, 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून तो निसटतो म्हणून प्रयोगशाळेत त्याला इतर जिवाणूंपासून वेगळे काढायला तीच गाळणी वापरतात. तो मुख्यतः जखमांतून शरीरात शिरत असला, तरी उंदीर आणि गुरे जिथे वावरतात तिथल्या पाण्याला गोळी हवीच.

मुक्कामी चूल पेटणार असेल तर या सगळ्यापेक्षा उकळणे उत्तम. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे लागतात, पण आपले कळसूबाईच 1646 मीटरचे असल्याने महाराष्ट्रात ती वेळ येत नाही. अतिनील किरणांचा दिवा विषाणूंनाही मारतो. मात्र त्याला नितळ पाणी आणि भरलेली बॅटरी लागते. दाबाच्या बाटलीतला प्युरिफायर एकट्या माणसाला सोयीचा असला, तरी त्याचे काडतूस ठरावीक लिटरनंतर बदलावे लागते.

जुलैतले लाल पाणी थेट फिल्टरला लावू नये, तो पहिल्याच लिटरला तुंबतो. पातेल्यात तुरटीचा खडा दोनचार वेळा फिरवून गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी घ्यावे. भाताच्या खाचरांतून येणारे किंवा रसायनी, तळोजा यांसारख्या कारखान्यांच्या पट्ट्याखालचे पाणी मात्र यांपैकी कशानेही शुद्ध होत नाही. कीटकनाशके आणि रसायने उकळून जात नाहीत, तंतूंच्या फिल्टरला ती अडवता येत नाहीत, आणि कोळशाचा थर असला तरी त्याच्या भरवशावर राहू नये. अशा वाटेवर घरूनच पाणी न्यावे, एक लिटर म्हणजे एक किलो हे सोसावे.

परतल्यावरच्या कामाचा सगळ्यांना कंटाळा येतो. मुंबईच्या दमट हवेत ओला फिल्टर खोक्यात ठेवला तर पुढच्या शनिवारी त्याला कुबट वास येतो. त्याच रात्री सोबतच्या पिचकारीने उलट्या बाजूने स्वच्छ पाणी जोराने मारावे, शेवटच्या पाण्यात घरगुती ब्लीचचे दोन थेंब घालावेत आणि फिल्टर पंख्याखाली वाळत ठेवावा. ऑक्टोबरात हिमालयात जाणार असाल तर तो रात्री झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपा. आतले पाणी गोठले की तंतू फाटतात, आणि फाटलेला फिल्टर बाहेरून ओळखू येत नाही.

आणि नवा फिल्टर आणलात की ट्रेकच्या आधी तो घरी मोरीत एकदा वापरून पाहा. एक लिटर गाळायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा, म्हणजे सहा जणांचे पाणी भरायला संध्याकाळी किती वाजता टाक्यावर जायचे ते कळेल.