अजिंठ्याहून होर्यूजीकडं: पहिला दिवस

‘आशिमोतो नि की ओ त्सुकेते.’ पायाखाली बघून चाला. अजिंठ्याच्या पायऱ्यांवर जपानी पाहुण्यांना हे वाक्य सांगत मला गाईड म्हणून बावीस वर्षं झाली. एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रासमोर उभं राहिलं की त्यांच्यातलं कुणीतरी हमखास जपानमधल्या नारा शहराजवळच्या होर्यूजी मंदिराचं नाव काढायचं. तिथल्या भित्तिचित्रांचं अजिंठ्याशी जुनं नातं सांगतात. २६ जानेवारी १९४९ ला ती आगीत होरपळली. आपल्याकडं त्या तारखेला झेंडावंदन, तिकडं वारसावास्तू आगीपासून जपण्याचा दिवस. ते मंदिर एकदा बघायचंच, हे मनात पक्कं होतं. यंदा जमलं.

सकाळच्या जनशताब्दीनं संभाजीनगरहून दादर गाठलं. विमान रात्री उशिराचं, तरी तीन तास आधीच विमानतळावर जाऊन बसलो.

काउंटरवर पहिलाच प्रश्न आला, “सामानात खोबरं आहे का?” मी नाही म्हणणार होतो, तेवढ्यात आई आठवली. निघताना ती बॅगेपाशी काहीतरी करत होती. “परमुलखात चाललास, पोटाला काही असू दे सोबत,” एवढंच बोलली होती. बॅग उघडली. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि तिच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात घट्ट बांधलेल्या दोन खोबऱ्याच्या वाट्या. सुकं खोबरं तेलकट असतं, चटकन पेट घेतं, म्हणून विमानात चालत नाही. वाट्या तिथंच ठेवाव्या लागल्या. फडक्याची घडी करून खिशात घातली. कुणी जाणार असाल तर सामान भरून झाल्यावर घरच्यांना एकदा नक्की विचारा. पॉवर बँकही मोठ्या बॅगेत टाकू नका, जवळच्या पिशवीत ठेवा.

बँकॉकला विमान बदललं. ओसाकाचा कान्साई विमानतळ समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर आहे. उतरताना खिडकीतून नुसतं पाणीच दिसत होतं, जमीन शेवटच्या क्षणी आली. घड्याळ साडेतीन तास पुढं केलं.

इमिग्रेशनची आणि कस्टमची माहिती घरूनच ऑनलाइन भरून क्यूआर कोड घेतला होता, तो फार कामी आला. दोन्ही हातांच्या तर्जनीचे ठसे, एक फोटो. कशासाठी आलात, असं विचारल्यावर मी म्हणालो, “होर्यूजी ओ मी नि किमाशिता.” होर्यूजी बघायला आलोय. अधिकाऱ्यानं मान वर करून माझ्याकडं नीट पाहिलं आणि पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला.

कस्टमला चटणीचा डबा उघडावा लागला. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं यांबाबत तिथं फार कडक आहे. “राक्कासेई देसु,” शेंगदाणे आहेत, “निकु वा हाइत्ते इमासेन,” मांस नाही. यातलं दुसरं वाक्य मी लेण्यात कधी उच्चारलं नव्हतं, तरी बरोबर निघालं.

अडलो तो रेल्वेच्या तिकीट खिडकीवर. समोरची मुलगी बोलत होती आणि मला एक अक्षर कळेना. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तिनं कागदावर लिहून दिलं. घशाला कोरड पडली. बाजूला येऊन बाकावर बसलो तेव्हा ध्यानात आलं, की इतकी वर्षं माझे पाहुणे माझ्यासाठी हळू बोलत होते. एकेक शब्द सुटा करून, आवाज न चढवता, मला कमीपणा वाटू न देता. माझं जपानी चांगलं आहे असं मी समजत होतो, त्यात अर्धी मेहनत त्यांची होती. त्या सगळ्यांना मनातल्या मनात हात जोडले.

तेन्नोजीला गाडी बदलली. होर्यूजी स्टेशन आलं तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. माझ्या घड्याळात साडेआठ, म्हणजे तिकडं अजिंठ्यात पाच. पहारेकरी पर्यटकांना लेण्यांतून बाहेर काढत असतील.

दार उघडण्याआधी डब्यात एका बाईचा आवाज आला. ‘आशिमोतो नि गोचूई कुदासाई.’

मी खाली बघितलं, बॅग उचलली आणि जपून पाय टाकला.