धुराचे साप आणि खुळावलेला हत्ती : इंग्रजी कादंबरीतल्या रूपकांचा कल नोंदवताना

काम एका वाक्यात सांगता येतं. डिकन्सच्या ‘हार्ड टाइम्स’मधली रूपकं वेचायची आणि प्रत्येकापुढे खूण करायची: स्तुती असेल तर अधिक, निंदा असेल तर उणे, नुसतं वर्णन असेल तर शून्य. ते मला तीनदा करावं लागलं. पहिला तक्ता पूर्ण रद्द केला, दुसऱ्यातला निम्मा ठेवला, तिसरा टिकला. कुठे काय बिघडलं ते इथे लिहिते. इंग्रजीत एम.ए. किंवा पीएच.डी. करताना हाच घाट घालणाऱ्यांचे नेमके तेच आठवडे वाया जातात, असं पाहिलंय.

आधी संहिता. ‘हार्ड टाइम्स’ 1854 साली ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात 1 एप्रिल ते 12 ऑगस्ट अशी क्रमशः आली. पेरणी, कापणी आणि साठवण अशा नावांचे तीन भाग, मिळून 37 प्रकरणं. डिकन्सच्या मानाने आटोपशीर कादंबरी. आठवड्याच्या हप्त्यात जागा थोडी, म्हणून की काय, तो एकदा बसवलेलं रूपक पुन्हा पुन्हा वाजवतो. आपल्याला तेच हवं असतं: एकच रूपक वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या तोंडी. सगळी कादंबरी अंगावर घेऊ नका. पहिल्या भागातली पहिलं, पाचवं, दहावं, अकरावं आणि पंधरावं ही प्रकरणं, दुसऱ्या भागातलं दुसरं आणि दहा ते बारा, एवढं भरपूर होतं. सुरुवातीला तासाला शंभरेक शब्दच हातावेगळे होतात.

रूपक ओळखायचं कसं? ‘वाचताना जाणवलं’ हे उत्तर चालत नाही. 2007 मध्ये प्रॅगलजॅझ नावाच्या गटाने (दहा अभ्यासकांच्या नावांची आद्याक्षरं जोडून हे विचित्र नाव झालंय) एक कार्यपद्धती छापली, ती एमआयपी. आधी उतारा पूर्ण वाचायचा. मग शब्द सुटे करायचे. प्रत्येक शब्दाचा इथला अर्थ लिहायचा. त्याच शब्दाचा आजच्या भाषेत याहून मूळचा, म्हणजे जास्त ठोस, शरीराशी निगडित, नेमका अर्थ आहे का ते कोशात बघायचं. तो निराळा असेल आणि तुलनेने इथला अर्थ उलगडत असेल, तर खूण करायची. कोश एकच धरा आणि शेवटपर्यंत बदलू नका. जुन्या लेखांत मॅकमिलनचा कोश वापरलेला दिसतो, पण त्याची ऑनलाइन आवृत्ती 2023 मध्ये बंद झाली. मी लाँगमन घेतला. संहिता एकोणिसाव्या शतकातली असल्याने अडलेल्या शब्दापुरता मोठा ऑक्सफर्डही उघडावा लागतो, आणि तसं केल्याची नोंद तक्त्यात हवी.

पहिला घोटाळा इथेच झाला. कोकटाउन या कादंबरीतल्या गिरण्यांच्या शहरात वाफेच्या इंजिनाचा दट्ट्या खिन्न, वेड लागलेल्या हत्तीच्या डोक्यासारखा एकसुरी वरखाली होत राहतो, असं पाचव्या प्रकरणात आहे. एमआयपीने बघितलं तर ‘हत्ती’ला खूण होत नाही, कारण हत्ती म्हणजे हत्तीच, शब्द मूळ अर्थानेच आलाय! आपल्या शाळेतल्या व्याकरणाने सांगायचं तर उपमेय, उपमान आणि साधर्म्यवाचक शब्द तिन्ही हजर आहेत, म्हणून ती उपमा. कादंबरीतला सगळ्यात बोलका निवाडा असा चाळणीतून गळून जातो. ॲमस्टरडॅमच्या व्हरिये विद्यापीठातल्या गटाने 2010 मध्ये काढलेली सुधारित पद्धत, एमआयपीव्हीयू, अशा थेट तुलनांनाही धरते आणि ‘सारखा’, ‘जणू’ अशा शब्दांना वेगळी खूण देते. कथासाहित्यासाठी तीच घ्या. गंमत म्हणजे पुढे अकराव्या प्रकरणात डिकन्स ‘सारखा’ काढून टाकतो आणि इंजिनांना सरळ खिन्न खुळे हत्ती म्हणतो. पाचव्या प्रकरणातली उपमा तिथे रूपक होते.

दुसरा घोटाळा शून्याचा. याच गटाच्या मोजणीत कथासाहित्यातले साधारण 12 टक्के शब्द रूपकात्मक निघाले. बातम्यांत 16 च्या आसपास आणि शास्त्रीय लेखनात 18 च्या वर. ललित लेखन मागे, हे वाचून बहुतेकांना धक्का बसतो. पण या शब्दांतला मोठा वाटा ‘इन’, ‘ऑन’सारखी शब्दयोगी अव्ययं आणि ‘टेक’, ‘गो’सारखी झिजलेली क्रियापदं यांचा असतो. ती सगळी मूल्यमापनात घेतली की तक्ता शून्यांनी भरतो, आणि ‘डिकन्सची रूपकं बहुतांशी तटस्थ आहेत’ असा हास्यास्पद निष्कर्ष निघतो.

इथे आपलं काव्यशास्त्र चांगलं कामाला येतं. लक्षणा, म्हणजे शब्दाने मूळ अर्थ सोडून दुसरा अर्थ देणं, दोन तऱ्हेची: रूढीने आलेली आणि प्रयोजनाने आणलेली. रूढ लक्षणेत व्यंग्य, म्हणजे सुचवलेला अर्थ, उरलेलं नसतं, प्रयोजन असलं की व्यंग्य आलंच. मी तक्त्यात ‘रूढ की प्रयोजक’ असा रकाना घातला. कोशात दिलेला लाक्षणिक अर्थ जसाच्या तसा आलाय का? मग रूढ. कोशात नाही, किंवा आहे पण शेजारच्या शब्दांनी तो पुन्हा जागा केलाय? मग प्रयोजक. कल फक्त प्रयोजकांचा ठरवायचा. रूढ रूपकं मोजायची आणि बाजूला ठेवायची. अर्थात ‘वर ते चांगलं, खाली ते वाईट’ अशा रुळलेल्या रूपकांतही कल असतो, पण तो भाषेचा, लेखकाचा नव्हे.

आता खुद्द कल. मार्टिन आणि व्हाइट या भाषाशास्त्रज्ञांची 2005 ची मांडणी मला सर्वांत उपयोगी पडली. निवाडा तीन प्रकारचा: मनातली भावना, माणसाच्या वागण्याचा न्याय, आणि वस्तूची पारख. शिवाय तो उघड असतो (‘दुष्ट’, ‘सुंदर’) किंवा सुचवलेला. रूपक हे सुचवण्याचंच एक साधन, जरा डिवचणारं. रूपकामुळे निवाडा होतोय की शेजारच्या विशेषणामुळे, हे तपासायला बदली करून बघायची. कोकटाउनच्या धुराड्यांतून धुराचे न संपणारे सर्प सरपटत निघतात आणि त्यांची वेटोळी कधीच सुटत नाहीत. त्या जागी ‘धुराचे न संपणारे लोट’ ठेवून बघा. कंटाळा राहतो, किळस आणि भय जातं. म्हणजे कंटाळा ‘न संपणारे’चा आणि किळस सापाची. दोन्ही उणे, पण रूपकाच्या खात्यावर दुसरंच लिहायचं.

पहिल्या फेरीची सर्वांत मोठी चूक अशी की मी उपमानाचा रंग बघून खूण करत होते. साप म्हणजे उणे, परी म्हणजे अधिक. दहाव्या प्रकरणात दिवे लागलेले कारखाने परींच्या महालांसारखे दिसतात. झालं, अधिक! पण त्याच वाक्यात डिकन्सने हळूच घातलंय की एक्सप्रेसने जाणारे प्रवासी तसं म्हणत. आगगाडीच्या खिडकीतून क्षणभर पाहणाऱ्याचा महाल तो. आत दिवसभर राबणाऱ्याचा नव्हे. अकराव्या प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात हे महाल उजळतात आणि पाठोपाठ पहाट ते धुराचे राक्षसी सर्प दाखवते. खूण एक नव्हे, दोन लागतात: बोलणाऱ्याची अधिक, निवेदकाची उणे.

तेव्हापासून ‘तोंड कुणाचं’ हा रकाना सगळ्यांत आधी भरते. एकट्या धुराचा हिशेब बघा. निवेदकाला तो साप दिसतो. गिरणीमालक बाउंडरबीच्या तोंडी, दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात, तो आमचं अन्नपाणी आहे, वर छातीला फार चांगला. पहिल्या भागाच्या पंधराव्या प्रकरणात ग्रॅडग्राइंड आपल्या मुलीला, लुइझाला, बाउंडरबीचं स्थळ सांगतात, ती खिडकीबाहेरच्या धुराड्यांकडे बघत म्हणते की तिथे आळसट, एकसुरा धूरच दिसतो, पण रात्र झाली की आग उसळते. वडिलांना याचा संबंधच कळत नाही. तिथे धुराला काय खूण द्यायची? लुइझा कारखान्याबद्दल बोलतच नाही, उपमेय ती स्वतः आहे. ‘कशाबद्दल’ हा रकाना म्हणून वेगळा. मी तिथे ‘भावना, दडपलेली, उणे’ असं लिहिलं, आणि आगीपुढे प्रश्नचिन्ह ठेवलं.

उलट बाजूनेही फसायला होतं. पहिल्या प्रकरणात ग्रॅडग्राइंडचं वर्णन करणाऱ्या पुढच्या रूपकांत एकही वाईट शब्द शोधून सापडत नाही. कपाळ म्हणजे चौकोनी भिंत, डोळ्यांना गुहांमध्ये तळघर, डोकं म्हणजे तथ्यांचं गोदाम, समोर बसलेली मुलं म्हणजे ओळीने मांडलेली भांडी, त्यांत गॅलनांनी तथ्यं ओतायची. भिंत, तळघर, गोदाम, भांडं, गॅलन, सगळ्यांना सुटं शून्य. एकत्र वाचलं की माणसाची इमारत झालेली असते आणि मुलांचे डबे. म्हणून कल शब्दाला नाही, झुबक्याला द्यायचा: एकाच क्षेत्रातली, एकाच उपमेयावर, एका परिच्छेदात आलेली रूपकं एक एकक. त्याच वर्णनात टकलाभोवतीचे केस वाऱ्याला अडवणारी झाडी होतात आणि टक्कल प्लम-पायच्या कवचासारखं उंचवट्यांचं. ही थट्टा आहे, निंदा नाही. इथे मी खरं शून्य दिलं, आणि तोच उतारा वेगळा नोंदवणाऱ्या दुसऱ्या वाचकाने उणे. आमचा वाद अजून मिटलेला नाही.

‘हँड्स’चं प्रकरण वेगळंच. कोकटाउनच्या मजुरांना सरसकट ‘हात’ म्हणतात. हे रूपक नाही, भागावरून पूर्णाचा बोध आहे, त्यामुळे पद्धतीप्रमाणे वगळायचं. पण निवाडा जबर, कारण डिकन्स तिथेच म्हणतो की काही लोकांना हे नुसते हात आणि पोटं असते तर जास्त आवडले असते. वेगळं पान करून त्यावर ठेवा, मूळ मोजणीत मिसळू नका. ‘कामाला चार हात हवेत’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला यात काही खुपत नाही, हेही लक्षात असू द्या.

हा आपला खास खड्डा. संहिता इंग्रजी, नोंदवणारे मराठी. हत्ती म्हटलं की आपल्याला गणपती, ऐश्वर्य, दारात झुलणारं वैभव आठवतं. डिकन्सच्या हत्तीला मोकळं रानही नाही, तो वेडावलेला आणि एका जागी डोकं हलवणारा आहे. ‘सर्पंट’ शब्द इंग्रजी वाचकाला एदेन बागेतल्या मोहात पाडणाऱ्या सापाकडे नेतो. नागपंचमीला ज्याची पूजा होते तो हा नव्हे. सगळ्यांत गुपचूप फसवतं ते तापमान. इंग्रजीत ऊब म्हणजे माया आणि गारवा म्हणजे दुरावा. आपल्याकडे जीव निवतो, डोळे निवतात, मायेची सावली असते, आणि डोकं मात्र तापतं. थंडीच्या देशातला जिव्हाळा शेकोटीजवळ बसतो, उन्हाच्या देशातला झाडाखाली. ‘कोल्ड’ आणि ‘वॉर्म’ असलेली प्रत्येक ओळ मी दुसऱ्यांदा तपासते. कोशात दिलेली इंग्रजी उदाहरणं वाचूनच कल ठरवायचा, मनाने नाही.

दोन वाचकांनी वेगवेगळं नोंदवणं सक्तीचं धरा, आणि एकमत टक्क्यांत सांगू नका. समजा 100 झुबके आहेत. दोघांनीही 80 ना शून्य आणि 20 ना उणे दिलं, आणि 80 ठिकाणी एकमत झालं. छान वाटतं. पण योगायोगानेच होणारं एकमत 0.8 × 0.8 + 0.2 × 0.2 म्हणजे 0.68. कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोग वगळून एकमत मोजणारा आकडा, निघतो (0.80 − 0.68) भागिले (1 − 0.68), म्हणजे 0.375. हे कच्चं आहे. साधारण 0.61 ते 0.80 या पट्ट्यात आलं तर काम चालतं. कप्पा पडण्याचं कारण बहुधा शून्यच असतं, कारण त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात: निवाडा नाही, निवाडा दुहेरी आहे, ठरवता येत नाही. त्यांना 0, ± आणि ? अशा तीन खुणा दिल्या की भांडणं निम्मी होतात.

शेवटी बाउंडरबीची एके काळची कारभारीण मिसेस स्पार्सिट, तिचा जिना. दुसऱ्या भागाच्या दहाव्या प्रकरणात ही बाई मनात एक भला मोठा जिना बांधते, तळाशी नाचक्कीची अंधारी खाई, आणि आता बाउंडरबीची बायको झालेल्या लुइझाला पायरी पायरी उतरताना बघत बसते. पुढची प्रकरणंही ‘खाली, अजून खाली’ अशाच नावांची. प्रत्येक पायरीला पात्राची खूण उणे. पण लुइझा खाईत पडत नाही, वडिलांच्या घरी जाते. तिथे ती कोसळते, पण नाचक्की व्हायची ती पाळत ठेवणाऱ्या बाईचीच होते. तक्त्यात ‘कुणाविषयी निवाडा’ या रकान्यात पात्रासाठी लुइझा आणि निवेदकासाठी स्पार्सिट अशी दोन नावं येतात. असे दोन नावांचे किंवा दोन खुणांचे झुबके गाळून वेगळ्या पानावर घ्या. माझ्या तक्त्यात ते थोडेच निघाले, आणि प्रबंधातलं प्रकरण त्यांच्यावरच लिहून झालं.