रक्तदाबाच्या रांगेतली डोकेदुखी

उपकेंद्रावर रक्तदाब आणि साखर तपासणीचे शिबिर होते. ऊसतोडीचा हंगाम संपून मंडळी गावी परतली होती, त्यामुळे बायकांची रांग अंगणाबाहेर गेली होती. पस्तिशीतल्या एका ताईंचा रक्तदाब १२० वर ७८ भरला. मी तसे सांगितल्यावर त्यांना आनंद व्हायच्या ऐवजी त्यांचा चेहराच उतरला. "बीपी नाही म्हणता, मग डोकं कशानं ठणकतंय मॅडम?"

रक्तदाब वाढला की डोके दुखते, ही समजूत खेड्यात आणि शहरातही पक्की आहे. प्रत्यक्षात वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच जाणवू देत नाही, आणि ज्यांचे डोके वारंवार दुखते त्यांपैकी अनेकांचा रक्तदाब उत्तम असतो. या ताईंचे दुखणे अर्ध्या डोक्यात होते, ऊन सोसत नव्हते, उलटी झाली की हलके वाटत असे. म्हणून त्या इतकी वर्षे त्याला पित्त समजत होत्या. "किती दिवस दुखतं?" या प्रश्नाला लोक सहसा फक्त अंथरुणाला खिळवणारे दिवस सांगतात. म्हणून मी उलटे विचारले, "महिन्यात डोकं अगदी मोकळं असतं असे दिवस किती?" त्यांनी बोटांची पेरे मोजली आणि म्हणाल्या, "धा-बारा असतील."

तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्याला १५ किंवा अधिक दिवस डोकेदुखी आणि त्यांपैकी किमान ८ दिवस अर्धशिशीच्या स्वरूपाची, ही दीर्घकालीन मायग्रेनची, म्हणजे अर्धशिशीची, आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. ताई तिच्यात सहज बसत होत्या. कनवटीच्या पिशवीतून त्यांनी किराणा दुकानातून आणलेले, कॅफीन मिसळलेल्या वेदनाशामक गोळ्यांचे अर्धे पाकीट काढले. अशा मिश्र गोळ्या महिन्यात दहा किंवा अधिक दिवस, महिनोन्‌महिने घेतल्या तर गोळीच डोकेदुखीला खतपाणी घालू लागते.

हे बोलणे ऐकून रांगेतल्या आणखी काही जणी पुढे सरकल्या. तक्त्यात डोकेदुखीला रकाना नव्हता. आशाताईंनी समासात खुणा करायला सुरुवात केली आणि समास भरत गेला. अर्थात शिबिराची रांग म्हणजे गाव नव्हे. ज्याला काही दुखते तोच रांगेत येतो, म्हणून त्या खुणांवरून टक्केवारी काढणे गैर ठरले असते. त्यासाठी घरोघर जाऊन केलेली पाहणी लागते. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतील संशोधकांनी शहर आणि आसपासच्या ग्रामीण भागात अशी पाहणी केली तेव्हा वर्षभरात मायग्रेन झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे २५ टक्के निघाले, तर जगाची सरासरी साधारण १४ टक्के मानली जाते. महिन्यातले निम्मे किंवा अधिक दिवस डोके दुखणारे मात्र जगभरात शंभरात चार-पाच असतात, आणि त्यांत बायका अधिक. बेंगळुरूचा आकडा काही सहकाऱ्यांना फुगीर वाटतो. मला वाटत नाही, कारण दवाखान्याच्या नोंदवहीत हे रुग्ण पित्त, अशक्तपणा आणि चष्म्याचा नंबर यांखाली विखुरलेले मला रोज दिसतात.

ताईंना गोळ्या बंद करायला सांगताना पहिला आठवडा दुखणे वाढेल, हे स्पष्ट सांगितले. नाहीतर तिसऱ्याच दिवशी माणूस पुन्हा दुकान गाठतो. दमा नसल्याची खात्री करून प्रोप्रानोलॉल हे अर्धशिशी वारंवार होऊ नये म्हणून रोज घ्यायचे औषध कमी मात्रेत सुरू केले आणि दुखल्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारायला सांगितली. "आणि घरच्यांना काय सांगू? ते म्हणतात, हिचं रोजचंच आहे," असे त्यांनी विचारले, तेव्हा पुढच्या वेळी यजमानांनाही सोबत आणा, असे मी चिठ्ठीवरच लिहून दिले.